वेशीबाहेरचा शिपाई

मुंबईत ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्यांच्या कानात एक वाक्य कायमचे बसलेले असते: "हे आमच्या हद्दीत येत नाही." लोकलमध्ये पाकीट मारले गेले म्हणून चौकीवर जावे, तर हवालदार आधी विचारणार, तुम्ही फलाटावर होता की पुलावर? फलाट असेल तर रेल्वे पोलीस, पूल उतरला असाल तर शहर पोलीस. पाकीट गेलेला मनुष्य बिचारा ह्या दारातून त्या दारात. दिल्लीतील २०१२ च्या त्या भयंकर प्रकरणानंतर, फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी व मग योग्य ठाण्याकडे पाठवावी, असे धोरण ठरले. २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी संहितेत तर तसे कलमच आहे. तरी आमच्या पिढीला हद्द म्हटले की प्रथम ती टोलवाटोलवीच आठवते.

इस्राएलात आल्यावर हा शब्द आपण मागे टाकला. येथे मेतुल्लापासून एलातपर्यंत एकच पोलीस खाते, १९४८ पासून. अश्दोदचा शिपाई बेर्शेबात परका होत नाही. म्हणून गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री, हवदाला होऊन मंडळी चहाला बसली असता हाच हद्दीचा प्रश्न निघाला, तेव्हा आम्हांस गंमत वाटली. प्रश्न आणला होता एका पाहुण्याने. आमच्या स्नेह्यांच्या बहिणीचा मुलगा. जन्म अमेरिकेतला, पण मराठी घरची. न्यू जर्सी राज्यातील एका लहान शहराच्या पोलीस दलात नोकरीस आहे. त्याचे मामा अलियापूर्वी चार वर्षे मुंबई पोलिसांत होते, आता ऐंशीच्या घरात. साहजिकच दोघांचे जमले आणि दोघांचे बिनसले.

भाच्याची तक्रार अशी: "मामा, चोर पूल ओलांडून न्यूयॉर्कला गेला तर त्याला कोणी हद्द विचारीत नाही. मी सुट्टीच्या दिवशी त्याच पुलापलीकडे काही पाहिले, तर मी मात्र नुसता बघ्या. प्रशिक्षण तेच, डोळे तेच. मग माझे हात का बांधायचे?"

मामा म्हणाले, "अरे, आमच्या १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात लिहिलेलेच होते की पोलीस हा सदैव ड्यूटीवर, राज्यात कोठेही. म्हणून काय मी लग्नाच्या पंगतीत बेड्या घेऊन बसत होतो?"

सगळे हसले. परंतु हसण्यावारी नेण्यासारखा तो विषय नव्हता, म्हणून त्यावर येथे लिहीत आहोत. अमेरिकेत हा वाद बराच जुना आहे. पोलिसास त्याच्या शहराच्या हद्दीबाहेर, तेही ड्यूटीवर नसताना, अटकेचा अधिकार किती असावा? तो वाढवावा की आहे तेवढाच राखावा?

आधी तिकडची व्यवस्था समजून घेतली पाहिजे, कारण आपल्याला ती चमत्कारिक वाटते. त्या देशात सुमारे अठरा हजार निरनिराळी पोलीस दले आहेत. शहराचे वेगळे, काउंटीच्या शेरीफचे वेगळे, राज्याचे वेगळे, काही विद्यापीठांचेसुद्धा वेगळे. मूळ पद्धत इंग्लंडातून गेलेली. तेथे पॅरिशचा कॉन्स्टेबल पॅरिशपुरता असे. खुद्द इंग्लंडने ती पद्धत केव्हाच टाकली. आता तेथील कॉन्स्टेबलास सबंध इंग्लंड आणि वेल्समध्ये अधिकार आहे. अमेरिकेने मात्र वेस राखली, आणि हा केवळ जुनाट हट्ट नव्हे. ज्या गावाने पगार द्यायचा त्याच गावाने नेमणूक करावी, त्याच गावाने जाब विचारावा, राजधानीतल्या कोणा एकाच्या हाती सगळे दंडुके जाऊ नयेत, ही त्यामागची भीती. ती भीती खोटी आहे असे जगाचा इतिहास वाचलेला कोण म्हणेल?

तरीही वेस हळूहळू सैल झाली आहे. न्यू जर्सीत नगर पोलिसाने स्वतःच्या डोळ्यांदेखत घडलेल्या गंभीर गुन्ह्याबद्दल राज्यात कोठेही अटक करावी, अशी कायद्यानेच मुभा आहे. न्यूयॉर्कमध्ये किरकोळ अपराधासाठी पोलिसाचा हात त्याच्या हद्दीपलीकडे फक्त शंभर यार्ड पोचतो, पण खऱ्या गुन्ह्यासाठी राज्यभर. (हे शंभर यार्ड कोणी कसे मोजायचे, हे आम्ही पाहुण्यास विचारले. तो नुसता हसला.) टेक्सासात हद्दीबाहेरच्या पोलिसाने मोठ्या गुन्ह्यासाठी किंवा शांतताभंगासाठी अटक केली, तर शक्य तितक्या लवकर तेथल्या पोलिसांना कळवावे, आणि त्यांनी आरोपीचा ताबा घ्यावा, असा नियम आहे. राज्याची सीमा ओलांडली की बहुधा सगळेच संपते. चालू पाठलाग सोडला तर तो पोलीस चारचौघांसारखा नागरिक.

ह्यात एक विसंगती आहे, ती आम्हांस फार बोचली. २००४ साली तेथील मध्यवर्ती सरकारने कायदा करून पोलिसांना, निवृत्तांनासुद्धा, काही अटींवर साऱ्या देशात झाकलेले पिस्तूल बाळगण्याची परवानगी दिली. अटकेचा अधिकार मात्र दिला नाही. म्हणजे पिस्तूल सीमा ओलांडते, अधिकार सीमेवर थांबतो, आणि पिस्तुलाचा मालक मध्येच कोठेतरी लोंबकळत राहतो. भाचा म्हणतो, म्हणूनच अधिकारही पिस्तुलामागून यावा. त्याच विसंगतीवरून उलट निष्कर्षही काढता येईल, हे त्याच्या ध्यानात आणून दिले तेव्हा तो जरा चिडला.

आता ह्यातला नीतीचा प्रश्न. तो आपल्या लोकांना परका नाही. शेजाऱ्याचे रक्त सांडत असता स्वस्थ उभे राहू नये, ही वायिक्रातील आज्ञा आपण लहानपणापासून ऐकली. इस्राएलच्या कनेसेटने १९९८ साली त्या आज्ञेचेच नाव देऊन कायदा केला, की जिवावरच्या संकटात सापडलेल्यास, स्वतःचा जीव धोक्यात न घालता, प्रत्येकाने मदत केली पाहिजे. अधिकाऱ्यांना वर्दी देणे हीदेखील मदतच. त्या आज्ञेत हद्द नाही. परंतु देवारीमात दुसरी आज्ञा आहे, न्यायाधीश आणि अंमलदार नेमण्याची, आणि ते नेमायचे आपल्या सर्व वेशींत. रशी सांगतात, प्रत्येक नगरात. अंमलदारासाठी तेथे जो शोतेर शब्द आहे, तोच आज आपण रस्त्यावरच्या पोलिसास लावतो. म्हणजे मदतीला वेस नाही, पण दंडाधिकाराला आहे. आमचे सारे म्हणणे ह्या फरकावर उभे आहे.

मोशे रब्बेनूंच्या तरुणपणीच्या गोष्टी ह्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहाव्यात. मिसरी माणूस इब्री मजुराला मारीत होता. मोशेने इकडे तिकडे पाहिले, कोणी नाही असे पाहून त्या मिसऱ्यास ठार केले आणि वाळूत पुरले. हेतूबद्दल कोणाला शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी दोन इब्री भांडत असता तो मध्ये पडला, तेव्हा त्यांतल्या एकाने उलट विचारले की तुला आमचा अधिकारी आणि न्यायाधीश कोणी केले? विचारणारा मनुष्य काही सज्जन नव्हता. तरी त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, आणि मोशेपाशी त्या दिवशी त्याचे उत्तर नव्हते. त्यानंतर मिद्यानातली विहीर. परका मुलूख, परके लोक; धनगर मुलींना हुसकावीत होते. मोशे उठला, त्यांना सोडविले, मेंढरांना पाणी पाजले. येथे त्याने कोणाला धरले नाही, कोणाला शिक्षा केली नाही. तुला कोणी नेमले असे तेथे त्याला कोणी विचारले नाही. आणि गमतीची गोष्ट अशी की त्या मुलींनी घरी जाऊन बापाला सांगितले, एका मिसरी माणसाने आम्हांला सोडविले! कपड्यांवरून त्यांनी त्याला मिसरी ठरविले. ज्याला आपण वाचवितो त्यालाही आपण कोण हे कळत नाही.

ह्या शेवटल्या मुद्द्याने अमेरिकेत जीव घेतले आहेत. २५ जानेवारी २००८ रोजी क्रिस्टोफर रिडली नावाचा तेवीस वर्षांचा पोलीस, न्यूयॉर्क राज्यातील माउंट व्हर्ननचा, व्हाइट प्लेन्स ह्या शेजारच्या शहरात होता. ड्यूटीवर नव्हता, गणवेश नव्हता. एक इसम दुसऱ्यास मारीत असलेला त्याने पाहिला आणि तो मध्ये पडला. हाती पिस्तूल होते. काउंटीचे पोलीस धावत आले, त्यांना दिसला पिस्तूल घेतलेला एक काळा तरुण, आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. ग्रँड ज्युरीने कोणावर आरोप ठेवला नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ओमर एडवर्ड्स हा न्यूयॉर्क शहराचा पोलीस, ड्यूटी संपल्यावर, आपल्या मोटारीत शिरलेल्या चोरामागे धावत असताना सहकाऱ्याच्याच गोळीने मेला. तोही काळाच. त्यानंतर राज्यपालांनी चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल २०१० मध्ये आला. ड्यूटीवर नसताना अशा गैरसमजाने मारल्या गेलेल्या पोलिसांत काळे व लॅटिनवंशीय फार मोठ्या प्रमाणात आहेत, हे त्यात स्पष्ट झाले.

हे नीट लक्षात घ्यावे की रिडलीपाशी कायद्याचा अधिकार होता. वर सांगितलेच आहे, न्यूयॉर्कमध्ये खऱ्या गुन्ह्यासाठी पोलिसाचा अधिकार राज्यभर चालतो. विधिमंडळाने त्याला अधिकार दिला, पण आपल्या गावात जी ओळख असते, तो चेहरा, ती चालण्याची ढब, अरे हा तर आपला, असे म्हणणारा कोणी, ते कोठल्याही कलमाने पुढच्या गावी पाठविता येत नाही.

आपल्याकडे काय निराळे आहे? १८ ऑक्टोबर २०१५ रोजी बेर्शेबाच्या मध्यवर्ती बसस्थानकावर हल्ला झाला, तेव्हा हाफ्तोम झरहूम ह्या एरिट्रियन तरुणास दुसरा हल्लेखोर समजून गोळी घातली गेली आणि जमावाने त्यास मारले. तो केवळ प्रवासी होता. त्याच स्थानकावर आपल्या समाजाची कितीतरी माणसे रोज बस बदलतात, आणि आपला वर्ण कोणता हे आपल्याला कोणी सांगायला नको. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी यरुशलायमच्या वेशीवरच, बसथांब्यावर, युवाल कास्टेलमन ह्यांनी हल्लेखोरांवर गोळ्या झाडून लोकांना वाचविले. मग पिस्तूल टाकले, गुडघे टेकले, हात वर केले. तरीही ते गोळीला बळी पडले. आम्ही येथे कोणाचा न्याय करण्यास बसलो नाही. ते काम न्यायालयांचे. परंतु साध्या कपड्यांतल्या माणसास शस्त्रासह पुढे होण्याचे उत्तेजन कायद्याने द्यावे काय, असा प्रश्न येईल तेव्हा हे दोन दिवस आठवावेत.

दुसरी बाजू रस्त्यावरच्या सामान्य माणसाची. मुंबई-पुण्याकडे तोतया पोलिसांचा सुळसुळाट किती, हे तिकडच्या नातेवाइकांना विचारा. साध्या वेषातला एक गृहस्थ म्हाताऱ्या बाईस थांबवितो, मी पोलीस आहे, पुढे दंगल झाली आहे, दागिने काढून पुडीत बांधा, असे सांगतो. घरी जाऊन पुडी उघडावी तो आत खडे. ती बाई फसते कारण ती कायदा मानणारी असते. आता समजा, कोठल्याही गावचा कोणीही, कोठेही, कसल्याही कपड्यांत बिल्ला दाखवून हात धरू शकतो, असे ठरले. तर ज्याला धरले त्याने काय करावे? हात सोडवून घेतला तर तो कायद्याचा गुन्हेगार, न सोडवावा तर कदाचित लुटला जाणार.

त्या रात्री हे सगळे आम्ही पुष्कळ शब्दांत मांडीत होतो. मामी इतका वेळ आत पोहे परतीत होत्या. बशा ठेवताना त्यांनी भाच्याला सरळ विचारले, "बाळ, तू परगावी पकडलेला तो पोरगा निर्दोष निघाला, तर त्याच्या आईने कोणत्या चौकीवर जायचे?"

भाच्याने उत्तर दिले, पण ते त्याला स्वतःलाच पटले नसावे. वकील आहेत, कोर्टे आहेत, नुकसानभरपाईचे दावे आहेत. सारे खरे. पण त्याच्या स्वतःच्या शहरात पोराची आई दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यावर येते, साहेबाला भेटते, नगरसभेत उभी राहून ओरडते. ज्या नगराध्यक्षाला तिचे मत हवे असते त्याला ऐकावेच लागते. शेजारच्या शहरात त्या आईचा सूर कोणाला ऐकू जाणार? तिने ज्या नगरसभेला मत दिले ती म्हणेल हा आमचा पोलीस नव्हे. ज्या नगरसभेचा तो पोलीस, ती म्हणेल तुम्ही आमच्या मतदार नव्हे. आणि आपण पुन्हा त्या मुंबईच्या चौकीत येऊन उभे राहिलो: हे आमच्या हद्दीत येत नाही.

ह्यावरून आम्हांस देवारीमातला आणखी एक प्रसंग आठवला. शेतात प्रेत सापडले आणि मारणारा कोण ते कळत नाही, अशा वेळी वडील मंडळींनी बाहेर पडून आसपासच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावे, आणि जे नगर सर्वांत जवळचे त्याच्या वडिलांनी येऊन, हात धुऊन, त्या रक्ताबद्दल जाहीर जबाब द्यावा. रेल्वेच्या रुळांवर प्रेत पडले असता मुंबईतही दोन ठाण्यांचे पोलीस अंतर मोजीत. मोजमाप तेच. तोरातले मोजमाप मात्र कोणीतरी जबाब द्यावाच म्हणून असते, आणि ह्या दोन ठाण्यांचे आपल्याला जबाब द्यावा लागू नये म्हणून.

तेव्हा हद्द वाढवावी की न वाढवावी, ह्याला आमचे उत्तर असे की अधिकार हद्दीपलीकडे न्यावयाचा असेल तर त्याची जबाबदारीही त्याच बैलगाडीत बसवून न्यावी. कोणाच्या जिवावर बेतले आहे आणि ते डोळ्यांदेखत घडते आहे, तेवढ्यापुरते पोलिसाने परगावीही आडवे व्हावे, हल्लेखोरास रोखून धरावे. पण तेथल्या पोलिसांना तत्काळ कळवावे आणि ताबा द्यावा, टेक्सासच्या नियमात आहे तसे. त्या कृत्याची चौकशी ज्या गावात ते घडले त्या गावाने करावी, शिपायाच्या गावाने नव्हे. किरकोळ अपराध, वाहतुकीचे नियम, नुसता संशय, ह्यांसाठी वेशीबाहेर एक इंचही नाही. शेजाऱ्याशी मोटार लावण्यावरून भांडण झाले की खिशातला बिल्ला बाहेर काढणारे महाभाग सर्वच देशांत असतात, त्यांना सुट्टीच्या दिवशी खरोखरच सुट्टी असावी. इस्राएलात साध्या नागरिकासही, समोर हिंसा किंवा चोरी करणाऱ्यास पोलीस येईपर्यंत थांबवून ठेवण्याची मुभा १९९६ च्या कायद्याने आहे, तीही तीन तासांच्या आत. परगावच्या पोलिसास ह्याहून फार जास्त कशाला हवे?

मामांना हे पटले. भाच्याला अर्धेच. उठण्यापूर्वी त्याने एक हकिगत सांगितली, ती दिल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी तो पुलापलीकडे न्यूयॉर्क राज्यात एका दुकानात गेला होता. बाहेर मोटारी लावण्याच्या जागेत एक माणूस एका बाईस मारीत होता. पिस्तूल त्याच्यापाशी होते, बिल्लाही होता. त्याने दोन्ही खिशातच ठेवले. तो दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, मोठ्याने ओरडला, माणसे गोळा केली, फोन करून तेथल्या पोलिसांना बोलाविले. मारणे थांबले. म्हणजे आमच्या वरच्या नियमाप्रमाणे त्याने अगदी योग्य तेच केले. पोलिसांना यायला वीस मिनिटे लागली. तेवढ्यात तो माणूस बाईला मोटारीत बसवून निघून गेला. बाई आपल्या पायांनी गेली, पण तिने एकदा मागे वळून ह्याच्याकडे पाहिले. त्याने मोटारीचा क्रमांक लिहून दिला, साक्षीदार म्हणून आपले नाव दिले. पुढे काय झाले ते त्याला कोणी कळविले नाही. विचारण्याचा त्याला अधिकारही नव्हता.

"मामी," तो म्हणाला, "त्या पोराच्या आईचे तुम्ही म्हणता ते मला समजते. पण ह्या बाईने कोणत्या चौकीवर जायचे?"

मामींनी त्याच्या बशीत आणखी थोडे पोहे वाढले. रात्र बरीच झाली होती, आणि कोणी काही बोलले नाही.